इलेक्ट्रिक गाडी कुठली घ्यायची? आधी पार्किंगकडे बघा

जानेवारी २०२० मध्ये टाटाची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची झेडएस ईव्ही एकाच महिन्यात बाजारात आल्या. ह्युंदाईची कोना आदल्या वर्षी आली होती. घरच्या वापरासाठी इलेक्ट्रिक गाडी म्हटलं तर तेव्हा यादी जवळपास इथेच संपायची. आज एकट्या टाटाच्या टियागोपासून पंच, नेक्सॉन, कर्व्ह, हॅरियरपर्यंत गाड्या आहेत. एमजीच्या कॉमेट आणि विंडसर आहेत, महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई आहेत, ह्युंदाईची क्रेटा, किआची कॅरेन्स क्लॅव्हिस, व्हिएतनामच्या विनफास्टच्या गाड्या आणि मारुतीची ई-विटारा आहे. जुलै २०२५ मध्ये टेस्लानेही मुंबईत शोरूम उघडलं.

पर्याय वाढले, पण निवड सोपी झाली नाही. कोल्हापुरात नवी गाडी काढायची म्हटली की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? इलेक्ट्रिक गाडीचं ब्रोशर या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. तिथे किलोवॅट-तास, किलोवॅट, एलएफपी (बॅटरीचा एक प्रकार), सीसीएस-२ (फास्ट चार्जरच्या प्लगचा प्रकार) असे शब्द असतात, आणि ज्यावर विश्वास ठेवावा की नाही ते कळत नाही असा रेंजचा एक मोठा आकडा. आधी हे शब्द समजून घेऊ, मग आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या घरात गाडी बसवून पाहू. माझं मत आधीच सांगतो: कोणती गाडी घ्यायची, किंबहुना घ्यायची की नाही, हे ठरवण्यात कंपनीच्या नावापेक्षा तुमच्या पार्किंगचा वाटा मोठा आहे.

बॅटरीचे युनिट म्हणजे महावितरणच्या बिलावरचेच युनिट

बॅटरी ३८ किलोवॅट-तासांची आहे म्हणजे काय? एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट. ३८ किलोवॅट-तासांच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर ३८ युनिट वीज मावते. यापुढे या लेखात मी युनिट हाच शब्द वापरतो.

किलोवॅट ही वेगळी गोष्ट आहे आणि गोंधळ नेमका इथे होतो. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकीत किती लिटर मावतात ते झाले युनिट, आणि नळ किती जोरात वाहतो ते किलोवॅट. ३ किलोवॅटचा चार्जर तासाला ३ युनिट भरतो, ३० किलोवॅटचा तासाला ३०. टाकी काठोकाठ येऊ लागली की आपण नळ बारीक करतो, तसंच गाडीही करते. साधारण ८० टक्क्यांनंतर ती स्वतःच वेग कमी करते, कारण भरत आलेल्या बॅटरीत जोरात वीज ढकलली तर बॅटरीचं आयुष्य घटतं. हायवेवर ८० टक्क्यांना चार्जिंग थांबवून पुढे निघतात ते याचसाठी. उरलेले २० टक्के भरायला जो वेळ जातो तो लांबच्या प्रवासात परवडत नाही.

आता ॲव्हरेजकडे. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी शहरात एका युनिटला ७ किलोमीटर किंवा थोडी जास्त जाते. हायवेवर ९०-१०० च्या वेगात हाच आकडा ६ च्या आसपास येतो, आणि अंगाने मोठ्या, वजनदार गाड्यांचा ५ ते ६. पेट्रोल गाडीच्या बरोबर उलटं, कारण सिग्नलला थांबताना, उतारावरून येताना इलेक्ट्रिक गाडी वाया जाणारी ऊर्जा परत बॅटरीत घेते. हायवेवर ती संधी कमी मिळते आणि हवेचा विरोध वाढतो.

ब्रोशरमधली रेंज एआरएआयसारख्या, वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेने ठरावीक पद्धतीच्या चाचणीत मोजलेली असते. आकडा खोटा नसतो, पण चाचणीतला वेग आणि परिस्थिती आपल्या रस्त्यावरची नसते. ३८ युनिटच्या विंडसरची जाहीर रेंज ३३२ किलोमीटर आहे. एसी लावून, घरची माणसं बसवून हायवेवर जायचं असेल तर ३८ गुणिले ६, म्हणजे २२८ धरा. बॅटरीचे युनिट गुणिले सहा हा हिशेब शोरूममध्ये उभ्या उभ्या करता येतो, आणि पुढची सगळी बोलणी त्याच आकड्यावर करावीत.

रात्री गाडी कुठे उभी राहते?

ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, नागाळा पार्क भागातल्या कंपाउंडवाल्या घरात राहणाऱ्याचं काम सोपं आहे. गिझरला लागतो तसा १५ अँपिअरचा प्लग पार्किंगजवळ काढला की रात्रीच्या आठ तासांत साधारण २० युनिट भरतात, म्हणजे शहरात १४० किलोमीटर. कोल्हापुरात रोज १४० किलोमीटर किती जण फिरतात? शिवाजी विद्यापीठ, शिरोली एमआयडीसी, गोकुळ शिरगाव, सगळं धरलं तरी रोजचं जाणं-येणं त्याच्या निम्म्यातही येत नाही. ७ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर असला तर उत्तमच, पण त्याच्यावाचून अडत नाही. तो बसवायचा तर वायरमनकडून घराचा मंजूर भार तपासून घ्या. बिलावर तो छापलेला असतो, आणि पुष्कळ जुन्या घरांचा ७ किलोवॅटपेक्षा बराच कमी असतो. मग महावितरणकडे अर्ज करून लोड वाढवावा लागतो.

खरी हेळसांड होते ती अर्थिंगची. जुन्या घरात अर्थिंग नावालाच असतं. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर ते तपासतो आणि नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. मग कोणीतरी ती तपासणी चुकवायची युक्ती सुचवतो, किंवा खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढून देतो. कृपया हे करू नका. तासन्‌तास सलग ३ किलोवॅटचा भार ओढणं हे साध्या बोर्डाचं काम नाही. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, नीट अर्थिंग हा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे आणि त्यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

अपार्टमेंटमध्ये प्रश्न विजेचा कमी आणि माणसांचा जास्त असतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्या घरच्या वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते. तरीही मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल कुठून न्यायची यावर कमिटीशी बोलावंच लागतं. ते बोलणं गाडीचं बुकिंग करण्याआधी करा.

आणि शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या बोळात राहणाऱ्यांचं काय, जिथे जागा मिळेल तिथे गाडी लावावी लागते? इथे मी स्पष्ट बोलतो. घरी किंवा कामाच्या ठिकाणी रोज चार्ज करायची सोय नसेल, तर आज इलेक्ट्रिक गाडी घेऊ नका. सार्वजनिक फास्ट चार्जरवर विसंबून राहिलात तर वेळ जाईल आणि बचतही आटेल. घराशेजारच्या फास्ट चार्जरची जाहिरात बघून भुलण्यासारखं हे नाही. पेठेतल्या अरुंद रस्त्यांना तीन मीटरपेक्षाही आखूड असलेली कॉमेट खरं तर फार सोयीची, पण प्लग नसेल तर तीही उपयोगाची नाही.

पैसे खरंच वाचतात का?

हे तुमच्या किलोमीटरवर आहे. महिन्याला १००० किलोमीटर फिरणारी पेट्रोल गाडी लिटरला १५ देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर खर्च ७ हजार. तेवढंच अंतर इलेक्ट्रिक गाडीला, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, १७० युनिटमध्ये जमतं. युनिटला १२ रुपये धरले तर दोन हजारांच्या थोडं वर. म्हणजे महिन्याला ५ हजार, वर्षाला ६० हजार वाचले. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक अडीच लाखांनी महाग असेल तर चार-सव्वाचार वर्षांत फरक निघाला.

आता महिन्याला ४०० किलोमीटर धरा. बचत २ हजारांवर येते आणि तोच फरक भरून यायला दहा वर्षं लागतात. गाडी फक्त रविवारी जोतिबाला आणि लग्नकार्याला बाहेर काढणाऱ्या घराने पैशाच्या कारणासाठी इलेक्ट्रिक घेऊ नये. शांत चालते, क्लच-गिअरची कटकट नाही, धूर नाही, म्हणून घ्यायची तर जरूर घ्यावी.

१२ रुपये का धरले तेही सांगतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. तुमच्या घरात आधीच २५० युनिट जळत असतील तर गाडीची बरीचशी वीज तिसऱ्या, महाग टप्प्यात मोजली जाईल. म्हणून स्वतःचं बिल समोर ठेवून हिशेब करा. घरावर सोलर असेल तर चित्र पार बदलतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, आणि एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. वरचे १७० युनिट दीड किलोवॅटच्या पॅनेलमधून निघतात. ज्यांचं स्वतःचं छप्पर आहे त्यांनी गाडी आणि सोलर हे दोन निर्णय एकत्रच घ्यावेत असं मला वाटतं.

बाहेरच्या फास्ट चार्जरचा दर बहुतेक ठिकाणी १८ ते २५ रुपये युनिट असतो. तिथे किलोमीटरला ३-४ रुपये पडतात. पेट्रोलपेक्षा तरीही कमी, पण 'रुपयाभरात किलोमीटर' ही जाहिरात तिथे लागू नाही.

सवलतींबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने किमतीतला फरक पुन्हा वाढला. जुने तुलनातक्ते वापरू नका. कर्जाच्या व्याजावरची दीड लाखांची प्राप्तिकर वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. राज्य सरकारची टोलमाफी अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची आहे. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे आपले नेहमीचे नाके राष्ट्रीय महामार्गावरचे आहेत, तिथला टोल हिशेबात धराच.

बॅटरी वेगळी भाड्याने: हा काय प्रकार?

सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आली तेव्हा तिच्या दोन किमती होत्या. बॅटरीसह साडेतेरा लाख, किंवा बॅटरी सोडून ९ लाख ९९ हजार आणि वर दर किलोमीटरला साडेतीन रुपये. फरक साडेतीन लाखांचा. त्याला साडेतीन रुपयांनी भागा: एक लाख किलोमीटर. तेवढं फिरेपर्यंत भाडं भरून तुम्ही बॅटरीची किंमत देऊन टाकता, आणि भाडं पुढेही चालूच राहतं. शिवाय विजेचा खर्च वेगळा. कमी फिरणाऱ्याला आणि सुरुवातीला मोठी रक्कम उभी न करणाऱ्याला हे बरं. रोज सांगली किंवा इचलकरंजीला जाणाऱ्याने बॅटरीसह घ्यावी. करारात महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात हे आवर्जून विचारा.

पुण्याला जाता येईल का? आणि घाटात?

कोल्हापूर-पुणे साधारण २३० किलोमीटर. युनिट गुणिले सहाचा नियम लावला तर ३८ युनिटची गाडी पूर्ण भरून निघूनही पुण्यात शून्यावर पोचेल. म्हणजे कराड किंवा साताऱ्याच्या आसपास थांबणं आलं. ३० किलोवॅटच्या चार्जरवर २० युनिट भरायला ४० मिनिटं लागतात. मुलांचं खाणं-पिणं धरलं तर तेवढं आपण पेट्रोल गाडी घेऊनही थांबतोच. खरी अडचण चार्जर मोकळा नसला किंवा बंद पडलेला असला तर येते. म्हणून टाकी रिकामी व्हायची वाट न बघता ३० टक्के असतानाच पहिला थांबा घ्यावा, म्हणजे पुढच्या चार्जरपर्यंत जायला शिल्लक राहते. ५५-६० युनिटच्या गाड्या पुण्याला न थांबता पोचतात.

एक बारीक गोष्ट विचारून घ्या: गाडी स्वतः जास्तीत जास्त किती किलोवॅट घेते? चार्जर ६० किलोवॅटचा असला आणि गाडीची मर्यादा ३० ची असली तर ३० च मिळणार. कॉमेटला तर डीसी, म्हणजे हायवेवरच्या चार्जरसारखं फास्ट चार्जिंगच नाही. ती गावातली गाडी आहे, तिच्याकडून पुण्याची अपेक्षा ठेवणं हा तिच्यावरच अन्याय होईल.

घाटाची भीती मात्र निष्कारण आहे. माणसांसह १८०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर उंच चढवायला अडीच युनिट लागतात, मोटारीतली घट धरून तीन. रत्नागिरीहून येताना आंबा घाट चढायचा झाला तर सपाटीवरच्या खर्चावर तीन युनिट, म्हणजे १८ किलोमीटरची रेंज, जादा सोडा. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना तीच गाडी त्यातली निम्म्याहून जास्त वीज परत मिळवते. ब्रेकही तापत नाहीत, कारण गती बहुतेक मोटारच ओढून धरते. फक्त घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज साठवायला जागा नसते आणि हा फायदा मिळत नाही. घाट उतरण्याआधी शंभर टक्के चार्ज करू नये, इतकंच.

पुरात काय?

कोल्हापुरात हा प्रश्न हमखास येतो आणि तो योग्यच आहे. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला आणि ४३ फुटांच्या धोक्याला कधी पोचते याकडे आपले डोळे लागलेले असतात. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता.

बहुतेक गाड्यांच्या बॅटरीला आयपी-६७ दर्जा असतो. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाऊ नये अशी चाचणी झालेली असते. कुठे गळती जाणवली तर गाडी बॅटरीचा उच्च दाबाचा प्रवाह स्वतःच तोडते, त्यामुळे साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि शॉक बसला असं सहसा होत नाही. पेट्रोल गाडीत हवेच्या वाटेने इंजिनात पाणी शिरून ते निकामी होतं, तो धोकाही इथे नाही. पण ही चाचणी अर्ध्या तासाची, स्वच्छ पाण्यातली आहे. पंचगंगेचं पाणी दोन-दोन, चार-चार दिवस गाळासकट उभं राहतं. तसं झालं तर गाडी सुरू करू नका, चार्जिंगला लावू नका, ढकलत नेऊ नका. चारही चाकं वर घेणाऱ्या टोइंग गाडीवरून सर्व्हिस सेंटरला पाठवा. तोवर ती घराला चिकटून ठेवू नका. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या पाणी ओसरल्यावर पेटल्या होत्या. आपल्याकडचं पाणी खारं नाही, तरी काळजी तीच घ्यावी.

दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली अशा पाणी येणाऱ्या भागात राहत असाल तर इशारा पातळीलाच गाडी भरून उंचावर नेऊन लावा. पुरात वीज तुटते हे खरं. महामार्ग बंद पडला की पेट्रोलचे टँकरही अडकतात, हेही आपण पाहिलं आहे. विमा घेताना बॅटरीचं पुराच्या पाण्यापासूनचं नुकसान पॉलिसीत धरलं आहे का, हे लेखी विचारा.

बॅटरी पाच वर्षांत मरते म्हणतात

मोबाईलच्या अनुभवावरून ही समजूत आली आहे. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत एलएफपी, म्हणजे लोह आणि फॉस्फेटवर आधारलेली बॅटरी असते. ती थोडी जड असते पण तापून पेटण्याचा धोका कमी आणि टिकायला चिवट. अशी बॅटरी पूर्ण भरून पूर्ण वापरायचे दोन हजार फेरे सहज काढते. एका फेऱ्यात २०० किलोमीटर धरा. हिशेब ४ लाख किलोमीटरवर जातो. कंपन्यांची वॉरंटी सहसा ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते, काहींची त्याहून जास्त. वॉरंटी किती वर्षांची एवढंच विचारून थांबू नका. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून देणार, आणि गाडी विकली तर ती वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू राहते का, हे पाहा. काही 'आजीवन' वॉरंट्या पहिल्या मालकापुरत्याच असतात, आणि जुन्या बाजारातली किंमत त्यावर बरीच अवलंबून राहील.

वीज कोळशाचीच, मग फायदा काय?

एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. तेवढ्यात पेट्रोल गाडी १५-१८ किलोमीटर जाते आणि इलेक्ट्रिक ५५-६०. इंजिन बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतं, मोटार घालवत नाही. भारतात वीज बहुतांशी कोळशावरची आहे आणि सरासरी युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हिशेब केला तर इलेक्ट्रिक गाडीचा किलोमीटरला सुमारे १२० ग्रॅम येतो, १५ च्या ॲव्हरेजच्या पेट्रोल गाडीचा दीडशेच्या वर. बॅटरी बनवतानाचं प्रदूषण वेगळं. म्हणजे आजच्या विजेवर फायदा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. सोलरवर चार्ज करणाऱ्याचा आकडा मात्र फार खाली येतो. आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभं राहणाऱ्याच्या नाकात धूर जात नाही, हा फायदा कोळशाच्या विजेवरही मिळतो.

आमच्या फाउंड्रीचं काय?

हा आक्षेप बाहेरच्या लेखांत येत नाही. कोल्हापुरात तो जेवणाच्या ताटावर येतो, कारण शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथली हजारो घरं कास्टिंग आणि मशीनिंगवर चालतात. इलेक्ट्रिक गाडीत सिलिंडर ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. मोटारीचं कव्हर बहुधा ॲल्युमिनियमचं असतं आणि कोल्हापूरची ओळख मुख्यतः लोखंडी कास्टिंगची आहे. हब, ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे भाग राहतील. पण मोटारच गाडी थांबवायला मदत करते म्हटल्यावर डिस्क कमी झिजतात, म्हणजे बदली मालाची मागणीही उतरेल.

ट्रॅक्टर, पंप, कॉम्प्रेसर आणि जड ट्रकचं काम इतक्यात हलणार नाही. तिथे डिझेल आणखी बरीच वर्षं राहील. प्रवासी गाड्यांच्या इंजिनाचे भाग हेच ज्यांचं मुख्य काम आहे, त्यांनी नवं मशीन कर्जावर घेण्याआधी आपल्या ग्राहक कंपनीला सरळ विचारावं की हा भाग कुठल्या मॉडेलला लागतो आणि ते मॉडेल किती वर्षं चालणार आहे. कर्जाची मुदत त्याहून लांब असू नये. ॲल्युमिनियमकडे वळायचं तर भट्टी, साचे आणि माणसांचं शिक्षण, तिन्हीला वेळ लागतो, आणि त्यासाठीचा पैसा इंजिनाच्या ऑर्डरी हातात आहेत तोवरच उभा राहू शकतो.